चामराजपेटशेजारच्या गुहेतला मावळता सूर्य

बेंगळुरूच्या चामराजपेटला दक्षिणेकडून गवीपुरम लागून आहे. तिथल्या गवी गंगाधरेश्वराच्या देवळात दर वर्षी मकरसंक्रांतीला, सूर्यास्ताला तासभर असताना, पश्चिमेकडून आलेला प्रकाश कमानीतून आणि नंदीच्या शिंगांमधून वाट काढत गुहेतल्या शिवलिंगावर पडतो. हा सोहळा पाहायला मोठी गर्दी लोटते. २००८ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात जयंत व्यासनकेरे, के. सुदीश आणि बी. एस. शैलजा यांचा या देवळावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. मूळ रचना संक्रांतीशी जोडलेली नसून अयनदिनांशी, म्हणजे सूर्य उत्तरेची किंवा दक्षिणेची हद्द गाठून माघारी वळतो त्या दोन दिवसांशी जोडलेली होती, असे त्यात दाखवले आहे. त्यामुळे या देवळाचा इतिहास राजे आणि दानपत्रे यांच्यापुरता उरत नाही. त्यात पंचांगाचा वाद येतो, दोन इंग्रज चित्रकारांची चित्रे येतात आणि सूर्याच्या वार्षिक फेऱ्याचे गणितही येते.

देऊळ एका नैसर्गिक गुहेत आहे. आजचे स्वरूप सोळाव्या शतकातले, बेंगळुरूचा संस्थापक पहिला केंपेगौडा याच्या काळातले मानले जाते. विजयनगरच्या रामरायाने त्याला पाच वर्षे कैदेत ठेवले होते आणि सुटल्यावर कृतज्ञतेने त्याने हे देऊळ बांधले, असे परंपरा सांगते. जवळच केंपांबुधी तलाव आहे आणि त्याच्या काठाशी केंपेगौडाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चार मनोऱ्यांपैकी एक उभा आहे. देवळाच्या अंगणात दगडी खांबांवर तोललेल्या दोन प्रचंड तबकड्या आहेत, एक सूर्याची आणि दुसरी चंद्राची. शेजारी दगडात घडवलेले त्रिशूळ आणि डमरू आहेत. आत दोन डोकी, सात हात आणि तीन पाय असलेली अग्नीची मूर्ती आहे. सूर्य, चंद्र आणि अग्नी ही तिन्ही तेजे एकाच आवारात मांडणाऱ्याने प्रकाशाचा विचार केला नसेल, हे मानणे कठीण आहे. अर्थात एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. त्यासाठी मोजमापच लागते.

मराठी वाचकाला हा परिसर परका नाही. विजापूरच्या रणदुल्लाखानाने १६३८ साली तिसऱ्या केंपेगौडाकडून बेंगळुरू घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. पुढे एकोजीराजांच्या हाती असलेले हे शहर १६८७ साली मोगलांनी घेऊन म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांना दिले. जवळपास अर्धशतक टिकलेल्या या अमलाच्या खुणा वस्तीत राहिल्या. कर्नाटकातल्या मराठा समाजाचा गोसाई मठ याच गवीपुरममध्ये आहे. चामराजपेट मात्र फार नंतरची. दहावे चामराजेंद्र वडेयर यांच्या कारकिर्दीत, १८९२ साली, जुन्या पेठेची दाटी कमी करण्यासाठी ती आखून वसवली गेली. कन्नड साहित्य परिषद, चामराजेंद्र संस्कृत महाविद्यालय आणि आता कर्नाटक संस्कृत विद्यापीठ या संस्था याच वस्तीत आहेत. इथल्या ईदगाह मैदानावर ईदची नमाज कोणत्या दिवशी व्हायची तेही चंद्रकोर दिसण्यावर ठरते. देवळाचा उत्सव सूर्यावर आणि मैदानावरचा चंद्रावर चालत असल्याने या भागाचे वर्ष दोन्ही बाजूंनी आकाशाला बांधलेले आहे.

संक्रांतीच्या प्रकाशाचे कोडे सोडवण्यासाठी सूर्य रोज एकाच जागी का मावळत नाही, हे पाहावे लागते. पृथ्वीचा आस तिच्या कक्षेच्या लंबाशी सुमारे २३.४ अंश कललेला आहे. म्हणून विषुववृत्तापासून सूर्याचे अंतर, म्हणजे क्रांती, वर्षभरात उत्तरेला २३.४ अंशांपासून दक्षिणेला तितक्याच अंशांपर्यंत हेलकावे घेते. बेंगळुरू साधारण १३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे २१ डिसेंबरच्या सुमारास सूर्य नेमक्या पश्चिमेच्या दक्षिणेला सुमारे २४ अंशांवर मावळतो आणि २१ जूनला उत्तरेला तितक्याच अंतरावर. संक्रांतीपर्यंत तो परत फिरून दक्षिणेला सुमारे २२ अंशांवर आलेला असतो. आकाशात सूर्याचे बिंब अर्ध्या अंशाचे दिसते. म्हणजे अयनदिन आणि संक्रांत यांच्या सूर्यास्तांमध्ये चार बिंबे शेजारी शेजारी मांडता येतील इतके अंतर पडते. मोकळ्या माळावर हा फरक कोणाच्या लक्षात येणार नाही. अरुंद कमानी आणि खांब यांच्या मागे खोल गुहेत ठेवलेल्या पिंडीसाठी मात्र उजेड आणि अंधार यांच्यातला फरक एवढाच असतो.

शोधनिबंधातले सर्वांत बोलके निरीक्षण दुसऱ्याच तारखांचे आहे. आज लिंगावर प्रकाश पडतो तो १३ ते १६ जानेवारी या दिवसांत, आणि तसाच २६ नोव्हेंबर ते २ डिसेंबर या दिवसांतही. नोव्हेंबरअखेरच्या त्या संध्याकाळी देवळात ना उत्सव असतो ना गर्दी, पण किरण येतो. कारण सरळ आहे. सूर्य डिसेंबरच्या अयनदिनाकडे जाताना ज्या क्रांतीवरून जातो, त्याच क्रांतीवरून परत येतो. १४ जानेवारी हा अयनदिनानंतरचा चोविसावा दिवस धरला, तर आधीचा चोविसावा दिवस २७ नोव्हेंबर येतो. सूर्याला सणवार ठाऊक नसतात. जी वाट त्याला जाताना मोकळी, ती येतानाही मोकळी.

महाराष्ट्रात या जोडतारखांचे उत्तम उदाहरण कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळात आहे. तिथला किरणोत्सव ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत होतो. मावळतीचे किरण महाद्वारातून आत येऊन देवीच्या चरणांपासून चेहऱ्यापर्यंत चढतात. १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर एक्केचाळीस दिवस, आणि तिथून तितकेच दिवस मोजले की ३१ जानेवारी. दोन देवळांतला एक फरक मात्र महत्त्वाचा आहे. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सूर्याची क्रांती रोज अर्ध्या बिंबाएवढी सरकते, जानेवारीच्या मध्यावर एक तृतीयांश बिंबाएवढी, आणि अयनदिनाच्या आसपास आठवडाभर ती जागची हलली न हलली अशी असते. म्हणून कोल्हापूरचा सोहळा मोजक्या दिवसांत सुरू होऊन संपतो. अयनदिनावर बेतलेल्या देवळात मात्र किरण बरेच दिवस जवळपास त्याच जागी पडत राहील आणि नेमका दिवस केवळ किरणावरून ठरवता येणार नाही. कोल्हापुरात किरणांच्या वाटेत नव्या इमारतींचे अडथळे उभे राहिल्याने तिथे मोजणी करावी लागली. गवीपुरममध्ये अडथळे देवळाच्या आवारातच उभे राहिले.

आता संक्रांतीचा प्रश्न. मकरसंक्रांतीला सूर्य उत्तरेकडे वळतो असे घरोघरी सांगितले जाते, पण तो वळतो त्याच्या तीन आठवड्यांहून जास्त आधी. या अंतराचे मूळ पृथ्वीच्या आसाच्या संथ डोलण्यात आहे. ऋतूंचे वर्ष, म्हणजे सायन वर्ष, ताऱ्यांच्या सापेक्ष मोजलेल्या निरयन वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी लहान असते. आपली संक्रांत ताऱ्यांना बांधलेली असल्यामुळे ती ऋतूंच्या मानाने साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली. तो दिवस संक्रांतीचा होता असे अनेकदा समजले जाते, पण त्या काळी संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येत होती. केंपेगौडाच्या वेळी, सोळाव्या शतकाच्या मध्यावर, ती आजच्या दिनदर्शिकेने मोजल्यास ७-८ जानेवारीच्या आसपास पडत असे.

हे सरकणे कसे हाताळायचे यावर एकोणिसाव्या शतकात मराठी ज्योतिर्विदांनी जितका कसून वाद घातला तितका भारतात क्वचितच कुठे झाला असेल. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६५ पासून पटवर्धनी पंचांग सुरू केले आणि मीन राशीतल्या रेवतीच्या एका मंद ताऱ्यापासून राशिचक्राचा आरंभ धरला. लोकमान्य टिळकांच्या नावाने चालणारे पंचांगही याच रैवत पक्षाचे. व्यंकटेश बापूजी केतकर यांनी चित्रा ताऱ्याला प्रमाण मानले. केतकरांचे बरेच आयुष्य कर्नाटकातच, बागलकोटला गेले. १९११ साली फ्रेंच ज्योतिष संस्थेच्या नियतकालिकात नेपच्यूनपलीकडच्या ग्रहांचे भाकीत मांडणारे तेच केतकर. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी सायन पक्ष घेतला, म्हणजे सण ऋतूंनाच बांधावेत असा आग्रह धरला. दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ चा. चामराजपेटमधल्या एका मुख्य रस्त्याला, जुन्या अल्बर्ट व्हिक्टर रोडला, आज आलूर वेंकटराव यांचे नाव आहे. पुण्यात शिकलेल्या आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ कन्नडमध्ये नेणाऱ्या या कर्नाटकी नेत्याच्या नावाने तरी टिळकांच्या पुण्याशी या वस्तीचे नाते जोडलेले राहिले आहे.

या तिन्ही पक्षांप्रमाणे मकरसंक्रांत तीन वेगळ्या दिवशी येते: सायन पक्षाने २१-२२ डिसेंबरला, रैवत पक्षाने १० जानेवारीच्या आसपास आणि चित्रा पक्षाने १४-१५ जानेवारीला. रूढ संक्रांत चित्रा पक्षाची. स्वातंत्र्यानंतर पंचांगसुधारणेसाठी मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ताऱ्यांच्या वर्णपटांचा अर्थ लावणारे आयनीभवनाचे समीकरण देणारे हेच खगोलभौतिकशास्त्रज्ञ. नागपूरचे के. ल. दप्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर तिचे सदस्य होते. या समितीच्या शिफारशीवरून १९५७ साली सुरू झालेली राष्ट्रीय दिनदर्शिका सायन वर्षावर चालते, पण सण मात्र जुन्या वाटेनेच राहिले.

गवीपुरमचा किरण या वादात कोणत्या बाजूने साक्ष देतो? आजच्या स्थितीत तो चित्रा पक्षाच्या संक्रांतीला लिंगावर येतो, रैवत पक्षाच्या संक्रांतीला नाही. पण ही आजची कमान केंपेगौडाने संक्रांतीसाठी बेतली असती तर काय झाले असते, याचा हिशेब सोपा आहे. त्याच्या काळच्या संक्रांतीला सूर्याची क्रांती दक्षिणेला सुमारे २२.३ अंश होती, आजच्या संक्रांतीला ती सुमारे २१.३ अंश आहे. हा एक अंश म्हणजे जवळजवळ दोन बिंबे. प्रकाशाचा सोहळा जेमतेम चार दिवस, म्हणजे क्रांतीच्या साधारण अर्ध्या अंशात, आटोपतो. तेव्हा सोळाव्या शतकातल्या संक्रांतीवर बेतलेली खिडकी आजच्या संक्रांतीला चुकली असती. उलट आजची कमान जशी आहे तशी तेव्हा असती, तर त्या काळच्या संक्रांतीला लिंग अंधारात राहिले असते. आजचा मेळ फार जुना असू शकत नाही.

अयनदिनाची गोष्ट वेगळी. पृथ्वीच्या आसाचा कल दर शतकात कोनाच्या सुमारे ४७ विकलांनी कमी होतो आहे (अंशाचा साठावा भाग म्हणजे कला आणि कलेचा साठावा भाग म्हणजे विकला). साडेचार शतकांत हा बदल साडेतीन कलांएवढा भरतो, आणि सूर्याचे बिंब ३२ कलांचे असते. म्हणजे केंपेगौडाच्या वेळचा डिसेंबरचा शेवटचा दक्षिण सूर्यास्त आणि आजचा यांच्यात बिंबाच्या नवव्या हिश्श्याइतकाच फरक आहे. त्यामुळे अयनदिनाची कसोटी आजच्या सूर्यावरही घेता येते, आणि हीच या संशोधनाची भक्कम बाजू आहे. आयर्लंडमधल्या न्यूग्रेंजच्या थडग्यात डिसेंबरच्या अयनदिनाला उगवता सूर्य दारावरच्या झरोक्यातून आत शिरतो, हे मायकेल ओ’केली यांनी १९६७ साली पाहिले. ती वास्तू पाच हजारांहून अधिक वर्षांची असल्याने तिथे आसाच्या कलाची दुरुस्ती लावावीच लागते. गवीपुरममध्ये ती जवळजवळ दुर्लक्षित करता येते.

पण कसोटी घ्यायची कोणत्या इमारतीवर? आज देवळापुढे भिंती, मंडप आणि कमानी आहेत. त्यांतल्या किती मूळच्या, किती नंतरच्या, हे कळले नाही तर आजच्या मोजमापाला अर्थ उरत नाही. इथे मदतीला आली थॉमस डॅनियल आणि त्यांचा पुतण्या विल्यम यांची चित्रे. टिपूविरुद्धच्या तिसऱ्या म्हैसूर युद्धात कॉर्नवॉलिसने मार्च १७९१ मध्ये बेंगळुरूचा किल्ला घेतला. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजाही त्या मोहिमेत उतरल्या होत्या. युद्ध संपल्यावर, १७९२ मध्ये, हे काका-पुतणे दक्षिणेच्या दौऱ्यावर निघाले आणि वाटेत त्यांनी हे गुहामंदिरही चितारले. दृश्याची प्रतिमा कागदावर उमटवून तिच्यावरून रेखाटण्याची कॅमेरा ऑब्स्क्युरा ही पेटी ते वापरत. त्यामुळे खांबांची प्रमाणे आणि जागा यांबाबत त्यांच्या चित्रांवर बराच विश्वास टाकता येतो. देखणेपणासाठी काढलेली चित्रे दोनशे वर्षांनी मोजमापाच्या कामी आली, ही या शोधातली सर्वांत सुंदर गोष्ट म्हणावी लागेल.

आजचे देऊळ आणि चित्रातले देऊळ शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा १७९२ मध्ये बांधकाम बरेच कमी होते हे दिसले. पुढची मोकळीक जास्त असल्याने अयनदिनांच्या मावळत्या सूर्याला गाभाऱ्यापर्यंत येता येत होते. संशोधकांच्या निष्कर्षाप्रमाणे त्या रचनेत देवस्थान उन्हाळी आणि हिवाळी अशा दोन्ही अयनदिनांना उजळत होते, आणि या प्रकाशाला दुसरी जोडतारीख नव्हती. यात मोठा अर्थ आहे. वर्षातल्या इतर कोणत्याही क्रांतीवर सूर्य दोनदा येतो, टोकाच्या दोन क्रांतींवर मात्र एकदाच. नेमका दिवस ठरत नसला, तरी ज्याला किरणाच्या खुणेवरून वर्ष मोजायचे आहे त्याने ही दोन टोकेच निवडावीत, हे शहाणपणाचे. नंतर भिंती आणि कमानी वाढल्या, टोकांकडच्या वाटा बुजल्या आणि मधली एक अरुंद फट उरली. तिच्यातून जानेवारीच्या मध्यावरचा सूर्य आत येतो, आणि तो दिवस चालू शतकांत संक्रांतीशी जुळतो.

असल्या अभ्यासात सावधपणा हवाच. कोणत्याही इमारतीत शेकडो रेषा काढता येतात आणि आकाशात सूर्य, चंद्र, तारे मिळून लक्ष्येही पुष्कळ असतात. शोधले की काही ना काही जुळतेच. स्टोनहेंजबाबत जेराल्ड हॉकिन्स यांनी १९६० च्या दशकात मांडलेल्या दाव्यांवर हाच आक्षेप घेतला गेला. म्हणून एकाच दिशेची दोन स्वतंत्र साधनांनी खातरजमा करावी लागते. गवीपुरममध्ये एक साधन प्रत्यक्ष दिसणारा किरण आहे आणि दुसरे दोन शतकांपूर्वीचे चित्र. शृंगेरीच्या विद्याशंकर मंदिरात हे काम निराळ्या प्रकारे साधले आहे. चौदाव्या शतकातल्या त्या देवळाच्या मंडपातल्या बारा खांबांवर बारा राशी कोरलेल्या असल्याने बांधणाऱ्याचा हेतू दगडावरच लिहिलेला आहे. गवीपुरमच्या देवळाने असा लेखी हेतू ठेवलेला नाही, म्हणून तिथे मोजणीचा भार जास्त.

या शोधनिबंधाच्या एक लेखिका बी. एस. शैलजा बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू तारांगणाशी दीर्घकाळ निगडित होत्या. १९८९ साली सुरू झालेल्या या तारांगणाने विद्यार्थ्यांना खऱ्या निरीक्षणाकडे वळवण्याचे मोठे काम केले. जुन्या दगडांकडे खगोलशास्त्राचे साधन म्हणून पाहण्याची शैलजा यांची दृष्टी देवळापाशी थांबली नाही. ग्रहणे आणि संक्रांती यांच्या वेळी दान देणे पुण्याचे मानले जाई, म्हणून दक्षिणेतल्या शिलालेखांत आणि ताम्रपटांत अशा घटनांची तारखांसह नोंद सापडते. बी. एल. राइस यांनी ‘एपिग्राफिया कर्नाटिका’त छापलेल्या हजारो लेखांतून या नोंदी वेचण्याचे काम शैलजा आणि गीता कैडाल यांनी केले. अशा नोंदींचा उपयोग केवळ इतिहासाच्या कालनिश्चितीला होत नाही. जुने ग्रहण नेमके कुठे आणि केव्हा दिसले ते कळले, की पृथ्वीचे फिरणे शतकानुशतके किती मंदावत गेले याचा अंदाज बांधता येतो. अलीकडे बेंगळुरूच्या मिथिक सोसायटीने शहरातल्या शिलालेखांची त्रिमितीय डिजिटल नोंद करण्याचे काम हाती घेतले आहे. झिजत चाललेली अक्षरे त्यामुळे पुन्हा वाचता येऊ लागली आहेत.

गवीपुरमच्या किरणाचे निरीक्षण ज्याला पुढे न्यायचे आहे त्याला बेंगळुरूचे हवामानही ध्यानात घ्यावे लागते. उन्हाळी अयनदिन नैर्ऋत्य मोसमी पावसात येतो आणि २१ जूनच्या संध्याकाळी पश्चिमेचे आकाश बहुधा ढगांनी भरलेले असते. नोव्हेंबरअखेरच्या आठवड्यावर ईशान्य मोसमी पावसाचे सावट राहते. डिसेंबरचा उत्तरार्ध आणि जानेवारी हे दिवस सर्वांत स्वच्छ. दिसणाऱ्या दोन तारखांपैकी जानेवारीचीच लोकांच्या स्मरणात रुजली, यात सणाइतकाच या निरभ्र आकाशाचाही वाटा असावा.